टनांचा हिशेब चुकला आणि कूत पडलं

बसरा म्हटलं की आपल्याकडे मोती आठवतात. पहिल्या महायुद्धात मात्र दख्खन आणि कोकणातल्या पलटणीच्या घरांत हे नाव पोचलं ते वेगळ्याच कारणाने. १९१४ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश-भारतीय फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरली. तिचा कणा होता सहावी, अर्थात पुणे डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेड आणि प्रत्येकीत एक मराठा पलटण: सोळाव्यात ११७ वी, सतराव्यात १०३ वी, अठराव्यात ११० वी. दीड वर्षाने ही अख्खी डिव्हिजन टायग्रिस नदीकाठच्या कूत नावाच्या गावात उपाशी पोटी शरण गेली.

या पराभवाचं खापर बहुतेक वेळा डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडच्या महत्त्वाकांक्षेवर फोडतात. महत्त्वाकांक्षा होतीच. पण टायग्रिसवरच्या बोटी मोजल्या तर दिसतं की टाउनशेंडच्या जागी कुणीही असता तरी गणित तेच राहिलं असतं. मराठी वाचकाला ‘रसद तुटली’ या दोन शब्दांचा अर्थ पानिपतापासून माहीत आहे. इथे मात्र ती नंतर तुटली, आधी मुळात पुरेशी जोडलेलीच नव्हती.

फौज तिथे गेली कशाला? एक कारण तेल. १९०८ मध्ये इराणात तेल सापडलं, अबादानला शुद्धीकरण कारखाना झाला, आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला, कारण आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं. दुसरं कारण कागदावर कमी आणि मनात जास्त होतं: तुर्की सुलतानाने जिहाद पुकारला तर आखातातले शेख आणि हिंदुस्थानातले मुसलमान काय करतील, ही धास्ती. ५ नोव्हेंबरला तुर्कस्तानविरुद्ध युद्ध जाहीर झालं. सोळावी ब्रिगेड आधीच मुंबईहून निघून बहारीनजवळ जहाजांत बसून होती. तिने ६ तारखेला शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव घेतलं, आणि २२ नोव्हेंबरपर्यंत बसरा पडलं. ठरलेलं काम तेवढंच होतं.

पुढचं सगळं ‘सुरक्षेसाठी’ झालं. बसऱ्याच्या सुरक्षेसाठी कुर्ना, कुर्न्याच्या सुरक्षेसाठी अमारा, अमाऱ्याची बगल सांभाळायला नासिरिया, आणि मग दोन्हींसाठी कूत. नकाशावर प्रत्येक पाऊल शहाणपणाचं दिसतं. आणि जिंकणं सोपंही जात होतं. मे १९१५ मध्ये कुर्न्याच्या उत्तरेला पुराचं पाणी मैलोन् मैल पसरलं होतं, तेव्हा पायदळाला बेलम नावाच्या लांबट होड्यांत बसवलं, पुढे लोखंडी ढाली लावल्या आणि शिपायांना बांबूने होडी ढकलायला शिकवलं. ३१ मे रोजी या होड्यांनी तुर्कांची बेटांवरची ठाणी घेतली, आणि ३ जूनला अमारा मूठभर माणसांपुढे शरण आलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी या लढाईला ‘टाउनशेंडची होड्यांची शर्यत’ असं गमतीचं नाव दिलं. या गमतीतच पुढच्या चुकीचं बी होतं. ती मोहीम भर पुरात झाली होती. अनातोलियाच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की मार्च ते मे नदी फुगते. ऑगस्टपासून ती उतरते आणि वाळूचे दांडे वर येतात. बोटी जूनमध्ये जशा चालल्या तशाच ऑक्टोबरात चालतील असं ज्याने धरलं, त्याने टायग्रिस पाहिलीच नव्हती म्हणायची.

आता या वाहतुकीची रचना नीट पाहू, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

बसऱ्याला तेव्हा धक्काच नव्हता. मुंबई-कराचीहून आलेलं समुद्री जहाज नदीच्या मध्यात नांगर टाकून उभं राही. माल महैला नावाच्या देशी गलबतांत उतरवायचा, तो चिखलाच्या काठावर आणायचा, आणि तिथून पुन्हा नदीच्या बोटीत चढवायचा. एका पोत्याची तीनदा उचल. क्रेन नाहीत, गोदामं नाहीत, काठामागची जमीन पुरात बुडणारी. जहाजं आठवडेच्या आठवडे रिकामी होण्याची वाट पाहत. त्यात जहाजं भरतानाच घोळ: गाड्या एका जहाजात, त्या ओढणारी खेचरं दुसऱ्यात आणि पलटण तिसऱ्यात. तिन्ही वेगवेगळ्या आठवड्यांत पोचणार.

बसऱ्याच्या वर रस्ता नाही, रेल्वे नाही. सपाट गाळाची जमीन, तिच्यात दगड औषधालाही सापडत नाही. पाऊस पडला की गाडीची चाकं आसापर्यंत रुततात. लाकूड नाही, म्हणजे सरपणसुद्धा बाहेरून. उरली नदी. नदीला चालणारी बोट म्हणजे साधारण साडेतीन फुटांपेक्षा जास्त पाण्यात न बुडणारी, दोन्ही बाजूंना चाकं असलेली आगबोट, आणि तिच्या दोन्ही कुशींना बांधलेला एकेक पडाव. कुर्ना ते अमारा यांच्या मधला, एझ्राच्या कबरीजवळचा पट्टा इतका अरुंद की समोरासमोर आलेल्या दोन बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एकीने काठाला लागून थांबायचं. वळणं इतकी तीव्र की बोट सुकाणूने वळत नाही, ती काठावर आपटूनच वळवायची. प्रत्येक आपटण्यात पडावाचे दोर आणि चाकाच्या फळ्या तुटणार.

आकडे धरून पाहा. हे आकडे समजुतीपुरते आहेत, पण गणित खरं आहे. एक बोट पडावांसकट ३०० टन नेते आणि चढणं, जाणं, उतरवणं, परतणं मिळून १५ दिवस लागतात असं समजा. म्हणजे ती बोट रोजचे २० टन देते, ३०० नव्हे. अशा दहा बोटी म्हणजे रोज २०० टन. नदी उतरली आणि भार निम्मा करावा लागला की झाले १०० टन. आघाडी इतकी पुढे गेली की फेरी २० दिवसांची झाली, तर ७५. दोन बोटींवर तोफा चढवल्या आणि दोन जखमींसाठी ठेवल्या, तर ४५. आणि हे आटत असताना आघाडीवर माणसं वाढत असतात. माणूस दिवसाला दोन-अडीच पौंड खातो, घोडा दाणा-वैरण मिळून त्याच्या आठपट. म्हणजे पुढे जाण्याचं प्रत्येक पाऊल गरज वाढवतं आणि पुरवठा घटवतं, दोन्ही एकाच वेळी. पेढीवरच्या कुठल्याही मुनिमाने हे दहा मिनिटांत मांडून दाखवलं असतं.

मेसोपोटेमियातल्या फौजेचे सरसेनापती निक्सन यांनी १९१५ च्या उन्हाळ्यात जादा बोटी मागितल्या होत्या. त्या टायग्रिसला चालतील अशा नव्याने बांधायच्या, सुटे भाग करून विलायतेहून आणायच्या आणि अबादानला जोडायच्या. हे काम वर्षभराचं. मधल्या काळात ब्रह्मपुत्रा, गंगा आणि इरावतीवरच्या जुन्या बोटी समुद्रातून हाकत आणल्या. नदीची बोट मोसमी वाऱ्यात समुद्रात घातली की काय व्हायचं ते झालं, काही वाटेतच बुडाल्या. बोटी येणार नाहीत हे समजल्यावरही निक्सन पुढे गेले, आणि माझ्या मते मुख्य दोष हाच. सिमल्याचं सरकार लष्करी खर्चाला कात्री लावत होतं, लंडनला तुर्कस्तानातल्या गॅलिपोली मोहिमेच्या अपयशावर झाकण घालायला बगदादसारखं नाव हवं होतं. ‘बोटी कमी आहेत’ हे वाक्य या दोघांच्याही फायलीत शेवटच्या परिच्छेदात जात राहिलं.

२८ सप्टेंबर १९१५ ला कूत घेतलं. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे सलमान पाक, म्हणजे जुन्या टेसिफॉनजवळ, टाउनशेंडने तुर्की सेनापती नुरेद्दीनच्या खंदकांवर हल्ला चढवला. त्याच्याकडे लढणारे ११,००० च्या आसपास, समोर जास्त. पहिली रांग घेतली, पण दुसरी राहिली. सुमारे ४,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि राखीव असं काहीच उरलं नाही. सैन्याने माघार घेतली.

जखमींचं काय झालं, हे जरा थांबून सांगायला हवं. रुग्णवाहिका नव्हत्या. खेचरांनी ओढायच्या दुचाकी सामानगाड्या होत्या, लोखंडी पट्ट्यांच्या तळाच्या आणि स्प्रिंगा नसलेल्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस तिच्यात घालून मैलोन् मैल खडबडीत रानातून न्यायचा. काहींनी गाडीपेक्षा सरपटत जाणं पत्करलं. नदीवर पोचल्यावर त्यांना बोटींत आणि पडावांत दाटीवाटीने भरलं. ‘मजिदिया’ नावाची अशी एक बोट बसऱ्याला आली. बंदरातल्या इस्पितळ-जहाजावरून मेजर कार्टर या डॉक्टरला लांबून वाटलं की बोटीच्या कडांना दोर लोंबतायत. जवळ आल्यावर दिसलं की ती वाळलेली विष्ठा होती. आमांशाने आजारी, पाय मोडलेली माणसं दिवसचे दिवस जागचे हलू शकली नव्हती. कार्टरने तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. नंतर त्याच्याच साक्षीने लंडनमध्ये खळबळ उडाली.

थकलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कूतला पोचली आणि तिथेच थांबली. घोडदळ ६ तारखेला बाहेर काढलं, ७ ला वेढा पूर्ण झाला. कूत म्हणजे नदीच्या एका वळशातलं गाव, तीन बाजूंना पाणी. बाहेरच्याला आत येणं अवघड तसं आतल्याला बाहेर पडणंही. वायव्येपासून ईशान्येच्या मातीच्या गढीपर्यंत खंदकांची रांग. २४ डिसेंबरला तुर्कांनी त्या गढीच्या भिंती तोफांनी फोडून आत घुसण्याचा प्रयत्न केला, तो १०३ व्या मराठा आणि ऑक्सफर्डशायर पलटणीने हातबाँबच्या अंतरावर परतवला. नदीपलीकडच्या ज्येष्ठमधाच्या कारखान्यात ११० वी मराठा आणि १२० वी राजपुताना होती. मुख्य सैन्याशी त्यांचा संबंध फक्त नदीतून, तोही रात्री. आत सैनिक आणि बिगरलढाऊ मिळून सुमारे १५,०००, शिवाय गावातले सहाएक हजार अरब. त्यांना हाकललं तर थंडीत मरतील म्हणून राहू दिलं.

वेढ्यातल्या अन्नाची मोजदाद हा टाउनशेंडचा स्वतःचा, अक्षम्य दोष. त्याने आधी महिन्याभराचा, मग त्याहून कमी दिवसांचा साठा कळवला. म्हणून सुटकेला येणाऱ्या जनरल एल्मरने तोफा, डॉक्टर, बोटी पुरत्या जमा होण्याआधीच धाव घेतली. जानेवारीत तीन लढाया: शेख साद, वादी आणि २१ तारखेला हन्ना. हन्नाला दलदल आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, पावसात, उघड्या चिखलातून समोरून हल्ला. सुमारे २,७०० पडले, जखमी रात्रभर गोठत्या पाण्यात. आणि मग २५ जानेवारीला टाउनशेंडने कळवलं की घरोघर झडती घेतल्यावर जव सापडले, ८४ दिवस पुरतील! ही झडती डिसेंबरात घेतली असती तर हन्ना झालं नसतं.

अन्नाचा एक तपशील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोऱ्या शिपायांना मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस मिळे. त्यांना बेरीबेरी झाला, कारण मैद्यात कोंडा नाही. भारतीय शिपाई आटा आणि जवाचं पीठ खात, ते बेरीबेरीपासून वाचले. पण घोड्याचं मांस नाकारल्याने आणि भाजीपाला नसल्याने त्यांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या. एकाच तटबंदीत दोन आजार, दोन वेगळ्या ताटांमुळे. जीवनसत्त्वं हा शब्द तेव्हा नुकताच कुठे निघाला होता. भाजीच्या बिया पेरल्या, रानातला पाला उकडून खाल्ला. घोड्याच्या मांसासाठी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, पण शिपायाला धर्मगुरूपेक्षा भीती गावाची: परत गेल्यावर पंगतीला कोण घेईल, पोरीचं लग्न कसं होईल? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पीठ रोज पाच औंसांवर आल्यावर, बहुतेकांनी खायला सुरुवात केली. तोवर अंगात ताकद उरली नव्हती.

बाहेर ८ मार्चला दुजैलाच्या तुर्की गढीवर चाल. रात्रीची कूच कमालीची नेमकी झाली, पहाटे सैन्य गढीसमोर पोचलं तेव्हा गढी जवळपास रिकामी होती. पण योजनेत आधी तोफा लावायच्या असं लिहिलं होतं. कमांडर केंबॉलने तोफांची वाट पाहिली. तीन तासांत तुर्कांनी नदीपलीकडून माणसं आणून गढी भरली. दिवसाअखेर साडेतीन हजार पडले. वेढा फोडण्याच्या सगळ्या प्रयत्नांत मिळून सुमारे २३,००० माणसं गेली किंवा जखमी झाली, आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. त्याच वेळी बसऱ्यात ताज्या पलटणी बोटी नाहीत म्हणून बसून होत्या.

शेवटच्या पंधरवड्यात विमानातून पोती टाकली. वेढलेल्या सैन्याला हवेतून रसद देण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न. गरज रोज ५,००० पौंडांची. सुमारे १४० उड्डाणांत मिळून १९,००० पौंड पडले, म्हणजे चार दिवसांचंही नाही, आणि त्यातली काही पोती नदीत किंवा तुर्कांच्या हद्दीत. दळण अडलं म्हणून जात्याचे दगडसुद्धा विमानाने टाकले होते. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन माल घेऊन तुर्की तोफांमधून निघाली. तुर्कांनी पात्रात आडवी तार टाकली होती, तिच्यात अडकून ती पकडली गेली. फर्मन आणि काउली या तिच्या अधिकाऱ्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यानंतर टी. ई. लॉरेन्ससह तीन अधिकारी तुर्की सेनापती खलील पाशाकडे गेले आणि सुटकेसाठी वीस लाख पौंडांपर्यंत देऊ केले. तुर्कांनी नकार दिला आणि त्या बोलीची जाहिरात केली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई उन्हातून चालत बगदाद, मोसूल आणि रास-अल-ऐनला गेले, तिथून बगदाद रेल्वेच्या कामावर. साध्या ब्रिटिश सैनिकांपैकी सुमारे ७० टक्के कैदेत मेले. भारतीयांतले सुमारे अडीच हजार परत आले नाहीत.

गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की उपाय सगळ्यांना ठाऊक होता. रंगूनहून बोलावलेल्या जॉर्ज ब्यूकॅनन यांच्या देखरेखीखाली बसऱ्याजवळच्या माकिलला धक्के बांधले. नदी-वाहतुकीचं वेगळं खातं काढलं. हिंदुस्थानातले मीटर गेज रूळ उखडून नेऊन १९१६ अखेर बसरा-नासिरिया लाइन टाकली आणि शेख सादहून आघाडीपर्यंत छोटी रेल्वे. हमालीसाठी हिंदुस्थानातल्या तुरुंगांमधून कैद्यांच्या तुकड्याही नेल्या. नवे सेनापती मॉड यांनी हे होईपर्यंत मोठी चढाई केली नाही. १३ डिसेंबर १९१६ ला ते निघाले आणि ११ मार्च १९१७ ला बगदादमध्ये होते. तुर्क तेच, नदी तीच.

चौकशी आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये आला. निक्सन, व्हाइसरॉय हार्डिंग आणि हिंदुस्थानचे सरसेनापती डफ यांच्यावर ठपका बसला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले एडविन माँटेग्यू, ज्यांनी पार्लमेंटात हिंदुस्थान सरकारला लाकडी आणि लोखंडी म्हटलं होतं. २० ऑगस्टला त्यांनीच ‘जबाबदार राज्यपद्धती’ची घोषणा केली. इराकात १९२० मध्ये ब्रिटिशांविरुद्ध बंड झालं, ते हिंदी पलटणींच्याच बळावर मोडलं. १९२१ मध्ये फैसल राजा झाला. चलन मात्र १९३२ पर्यंत आपला रुपयाच होता. त्याच १९२१ मध्ये ११७ व्या मराठा पलटणीला ‘रॉयल’ किताब मिळाला. जखमींची ने-आण करणारं, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी दिलेलं ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाज वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंधिया कंपनीने विकत घेतलं. ते ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. आजचा राष्ट्रीय सागरी दिन त्या तारखेवरून आहे.

संपूर्ण मोहिमेत सुमारे १५,००० माणसं लढाईत आणि जखमांनी गेली, आणि सुमारे १२,७०० आजाराने. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांचं स्मारक १९२९ मध्ये त्याच माकिलच्या धक्क्यावर उभं राहिलं. त्यावर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या भारतीय शिपायांची नावं नाहीत, प्रत्येक पलटणीखाली फक्त त्यांची संख्या आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक दगड-दगड सुटा करून नासिरियाच्या रस्त्यावर, ३२ किलोमीटर आत वाळवंटात नेऊन पुन्हा उभारलं.